टूडी, थ्रीडी की स्टॉप मोशन? बघणाऱ्याच्या बाजूने दिलेलं उत्तर

प्रश्न विचारणारी मुलगी अ‍ॅनिमेशनच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिला दोन मिनिटांची फिल्म करायची आहे, गोष्ट आजी आणि नातीची. वर्गातले बहुतेक जण थ्रीडी करतायत आणि ‘हल्ली टूडी कोण बघतं?’ असं तिला सगळीकडून ऐकायला मिळतंय. तिने विचारलंय की कोणत्या शैलीचा प्रेक्षकावर जास्त परिणाम होतो आणि का होतो.

मी पंचवीस वर्षं हेच काम करतोय. सुरुवात लाइटबॉक्सवर दुसऱ्यांच्या ड्रॉइंगमधली इनबिट्वीन्स, म्हणजे दोन मुख्य चित्रांच्या मधली चित्रं, काढण्यापासून झाली. मग थ्रीडी शिकलो, बरीच वर्षं कटआउट (कापलेल्या कागदी आकृत्या हलवून) केलं, थोडं स्टॉप मोशनही (खरी वस्तू किंचित हलवत एकेक फोटो काढून) केलं. आज मला असं दिसतं की प्रत्येक शैली बघणाऱ्याच्या मनाकडून वेगवेगळं काम करून घेते. गोष्टीचा काही भाग पडद्यावर असतो, उरलेला तो आपल्या मनाने भरतो. तो भाग किती मोकळा सोडायचा आणि नेमका कुठला सोडायचा, हे ठरलं की शैली बऱ्यापैकी आपोआप ठरते. म्हणून ‘जास्त परिणाम कशाचा’ हा प्रश्न मी थोडा फिरवून घेतो: तुमच्या आजीबद्दल बघणाऱ्याने स्वतःहून काय भरायला हवंय?

माणसं किती भरतात याचा सगळ्यात स्वच्छ पुरावा १९४४ सालचा आहे. फ्रिट्झ हायडर आणि मारियान झिमेल या मानसशास्त्रज्ञांनी एक छोटीशी अ‍ॅनिमेशन फिल्म केली. एक मोठा त्रिकोण, एक लहान त्रिकोण, एक वर्तुळ, आणि दार उघडमीट होणारी एक चौकट. बस. डोळे नाहीत, तोंड नाही, आवाज नाही. बघणाऱ्यांना विचारलं, काय दिसलं? एखादा अपवाद सोडला तर सगळ्यांनी गोष्टच सांगितली. मोठा त्रिकोण दांडगाई करतो, वर्तुळ घाबरतं, लहान त्रिकोण त्याला सोडवायला जातो. ही फिल्म इंटरनेटवर सहज मिळते, आजच बघा. माझ्याकडे नवीन मुलं येतात तेव्हा पहिल्या दिवशी मी त्यांना हीच दाखवतो. त्या वर्तुळाची भीती कशातून कळते? ते दाराशी किती वेळ थांबतं आणि मग किती वेगाने कोपऱ्यात सरकतं, एवढ्यातूनच. टूडी, थ्रीडी हा सगळा त्याच्या पुढचा भाग. आमच्या धंद्यात याला टायमिंग म्हणतात, आणि प्रेक्षकावर होणाऱ्या परिणामाचा मोठा वाटा तिथेच ठरतो.

म्हणून आधी टायमिंगचाच फरक सांगतो. सिनेमात सेकंदाला २४ फ्रेम. प्रत्येक फ्रेमला नवीन ड्रॉइंग असेल तर ते ‘वन्सवर’, एक ड्रॉइंग दोन फ्रेम धरलं तर ‘टूजवर’, म्हणजे सेकंदाला १२, तीन फ्रेम धरलं तर ‘थ्रीजवर’, म्हणजे ८. हाताने काढलेल्या जुन्या मोठ्या फिल्मांचा बराचसा अभिनय टूजवर आहे, धावपळ किंवा कॅमेऱ्याची हालचाल असली की वन्सवर. वन्सवरचं काम पाण्यासारखं वाहतं, वजन आणि घसरण त्यात सुंदर कळते. टूजवर हालचालीला एक बारीकसा ठसका येतो. तो ठसका डोळ्यांना खुपत नाही, उलट प्रत्येक पोज जरा वाचता येते. थ्रीजवर आलात की पोजच राज्य करते आणि मधला प्रवास बघणारा स्वतः जोडतो.

हा फरक प्रेक्षकाला शब्दांत सांगता येत नाही, पण जाणवतो. ‘स्पायडरमॅन: इनटू द स्पायडरव्हर्स’ (२०१८) मध्ये याचा फार हुशार उपयोग केलाय. जंगलातल्या प्रसंगात सराईत स्पायडरमॅन पीटर वन्सवर आहे आणि नवशिका स्पायडरमॅन माइल्स टूजवर. दोघे एकाच शॉटमध्ये झोके घेतात. माइल्स अडखळतोय हे आपल्याला कुणी सांगावं लागत नाही. लक्षात घ्या, ही थ्रीडी फिल्म आहे आणि परिणाम साधलाय तो हाताने काढणाऱ्यांच्या जुन्या युक्तीतून. टूडी संपलं म्हणणाऱ्यांना मी नेहमी हाच प्रसंग दाखवतो.

एक आग्रहाची सूचना इथेच. असं काम टीव्हीवर बघताना सेटिंगमधलं मोशन स्मूदिंग बंद करा. टीव्ही मधल्या फ्रेम स्वतः तयार करून भरतो आणि अ‍ॅनिमेटरने विचार करून धरलेले ते दोन-दोन, तीन-तीन फ्रेम सपाट करून टाकतो. कुणीतरी महिनोन्महिने बसून केलेलं टायमिंग त्या एका बटणाने पुसलं जातं, आणि मला त्याचं खरंच वाईट वाटतं.

कमी ड्रॉइंगमध्ये काम भागवण्याच्या पद्धतीला लिमिटेड अ‍ॅनिमेशन म्हणतात. तिचा जन्म बहुतेक वेळा काटकसरीतून झाला. टॉम आणि जेरी घडवणाऱ्या हॅना आणि बार्बेरांनी १९५७ नंतर टीव्हीसाठी काम सुरू केलं तेव्हा पैसे आणि वेळ दोन्ही फार कमी. त्यांच्या बऱ्याच प्राण्यांच्या गळ्यात कॉलर किंवा टाय दिसतो, कारण त्या रेषेवर डोकं धडापासून वेगळं करता येतं. धड तसंच ठेवायचं, डोकं तेवढं हलवायचं. जपानमध्ये ओसामु तेझुकांनी १९६३ साली दर आठवड्याला अर्ध्या तासाचा ‘अ‍ॅस्ट्रो बॉय’ सुरू केला, तोही याच काटकसरीवर. पण पुढच्या जपानी मंडळींनी या तोट्याचं सोनं केलं. चेहरा स्थिर, केस तेवढे वाऱ्यावर, मागे आकाश हळूहळू सरकतंय, आणि शांतता. त्या चार सेकंदांत पात्र काय विचार करतंय हे बघणाराच ठरवतो. ज्या मुलांना जपानी मालिका बघून रडू येतं ती याच धरलेल्या चित्रांवर रडतात, हे मी माझ्याच घरात पाहिलंय.

आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. सिंधुदुर्गात कुडाळजवळ पिंगुळीला ठाकर समाजाची चित्रकथी अजून जिवंत आहे. कागदावरची चित्रं एकामागून एक समोर धरायची आणि कथा गात सांगायची. मी ती पहिल्यांदा समोर बसून पाहिली तेव्हा कितीतरी वेळ एकच चित्र समोर होतं. युद्धाचा प्रसंग होता. चित्रातला घोडा तसूभर हलला नव्हता, पण आवाज चढला, ताल दुप्पट झाला आणि मला तो घोडा धावताना दिसला. परत येताना एसटीत बसून मी वहीत लिहिलं होतं की आवाज चांगला असेल तर चित्र धरून ठेवायला घाबरायचं नाही. आजही स्टोरीबोर्ड (प्रसंगांची क्रमवार चित्रं) आणि अ‍ॅनिमॅटिक (तीच चित्रं आवाजाबरोबर लावून केलेला कच्चा मसुदा) करताना मी आवाज आधी पक्का करतो.

आता थ्रीडी. त्याची ताकद मी कमी लेखत नाही. कॅमेरा कुठूनही कुठेही नेता येतो, उजेड खरा पडतो, जागा खरी वाटते. बघणारा ‘समोर बसून’ बघत नाही, आत शिरतो. पण थ्रीडीला एक गोष्ट अजिबात चालत नाही, आणि ती म्हणजे पूर्ण थांबणं. कागदावरचं ड्रॉइंग एक सेकंद धरलं तरी ते जिवंत राहतं, कारण ते चित्र आहे हे बघणाऱ्याने मान्यच केलेलं असतं. थ्रीडी पात्र एक सेकंद पूर्ण थांबलं की ते मेल्यासारखं दिसतं. म्हणून आम्ही मूव्हिंग होल्ड वापरतो: पात्र थांबलंय, पण खांदा श्वासाने किंचित वर येतोय, मान अर्धा अंश पुढे जातेय, पापणी लवतेय. पापणी मिटायला दोन फ्रेम, मिटलेली एक, उघडायला तीन ते चार. उघडणं आणि मिटणं सारख्याच वेगाने केलंत तर ती बाहुलीची पापणी होते.

माणसाच्या जितकं जवळ जाल तितकी ही मागणी वाढते. मासाहिरो मोरी या जपानी यंत्रमानव-शास्त्रज्ञाने १९७० साली हे मांडलं. आकृती माणसासारखी होत जाते तशी आपुलकी वाढते, पण अगदी जवळ पोचून थोडी चुकली की आपुलकी एकदम घसरून किळस येते. त्याने पुढे असंही म्हटलं होतं की ती आकृती हलू लागली की ही घसरण आणखी खोल होते. आपल्यासाठी हाच भाग महत्त्वाचा आहे. फोटोत बरा दिसणारा थ्रीडी चेहरा बोलायला लागला की बिघडतो, त्याचं कारण हे.

मला हे पुस्तकातून कळलं नाही, एका कामात कळलं. बऱ्याच वर्षांपूर्वी एका संस्थेसाठी गावातल्या आयांना दाखवायची फिल्म केली होती: बाळाला जुलाब झाले तर घरच्या घरी जलसंजीवनी कशी करायची. एक लिटर स्वच्छ पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. थ्रीडी नवीन होतं, सगळ्यांना तेच हवं होतं आणि आम्हीही हौसेने केलं. आईचा चेहरा शक्य तितका खरा केला, कातडीचा पोत, केसांची बट, सगळं. पहिल्या खेळाला शाळेच्या पडवीत तीसेक बायका होत्या. फिल्म संपली आणि आम्ही विचारलं, काय कळलं? पहिला प्रश्न एका आजींचा आला: “त्या बाईला काय झालंय?” त्यांना वाटलं आजारी आई आहे. त्या चेहऱ्याची नजर कुठेच टिकत नव्हती. बाळाकडे मान वळायची पण डोळे किंचित उशिरा पोचायचे आणि तिथे पोचूनही बाळावर बसायचे नाहीत. त्या आजींनी नेमकं तेच पकडलं होतं.

त्याहून मोठी चूक चमच्यात होती. साखरेचा चमचा आम्ही जाहिरातीसारखा केला होता, वर शीग आलेली, दाणे चमकणारे, कॅमेरा त्याभोवती फिरणारा. फिल्मनंतर एका ताईंना करून दाखवायला सांगितलं तर त्यांनी शिगेचा चमचा भरला. त्यांचं काही चुकलं नव्हतं, त्यांनी आमची फिल्म नीट पाहिली होती. साखर-मिठाचं प्रमाण चुकलं तर बाळाला त्रास होतो, तेव्हा ही बाब साधी नव्हती. त्या रात्री मला झोप लागली नाही.

दुसऱ्यांदा आम्ही ती फिल्म कटआउटमध्ये केली. कागदी आकृत्या, चेहऱ्यावर दोन टिपक्यांचे डोळे आणि कपाळावर कुंकू. चमच्याच्या शॉटवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला. चमचा बाजूने दाखवला, कॅमेरा बांधून ठेवला. शीग भरली, तिथे अर्धा सेकंद थांबलो. मग चमच्याच्या कडेवरून उलथन्याच्या काठाने साखर सरकवली, टूजवर, एकूण १६ फ्रेम. आणि सपाट झालेला चमचा ३६ फ्रेम तसाच धरला, पूर्ण दीड सेकंद, त्या वेळात पडद्यावर दुसरं काहीही हलत नव्हतं. मागे आवाज: “सपाट.” पुढच्या खेळाला ज्या तीन बायकांना करून दाखवायला सांगितलं त्या तिघींनीही बोटाने साखर सपाट केली. एकीने तर करताना तो शब्द तोंडाने म्हटला.

पुढे कळलं की यावर अभ्यासकांनीही लिहिलंय. बार्बरा ट्वेर्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली अनेक प्रयोगांचा आढावा घेतला. शिकवण्याच्या कामात हलतं चित्र हे स्थिर चित्रापेक्षा सरसकट चांगलं ठरत नाही, असं त्यांना दिसलं. कारण सरळ आहे, हालचाल वेगाने निघून जाते आणि एका वेळी खूप काही हलत असतं. शिकवायचं असेल तर तुकडे करा आणि ज्याच्याकडे बघायला हवं तेवढंच हलवा, नाहीतर तेवढंच थांबवा.

साध्या चेहऱ्याचं बळही तिथे दिसलं. दोन टिपके आणि एक रेष असलेल्या आईत पडवीतली प्रत्येक बाई स्वतःला बघू शकत होती. खऱ्याखुऱ्या चेहऱ्याची आई मात्र ‘दुसरी कुणीतरी बाई’ होती. फिल्म्स डिव्हिजनची १९७४ सालची ‘एक अनेक और एकता’ आठवा, विजया मुळे यांची, अ‍ॅनिमेशन भीमसेन यांचं. सपाट रंग, मोजकी हालचाल, गोल डोक्यांची मुलं. दूरदर्शनवर ती पाहिलेली माझ्या वयाची माणसं आजही त्यातल्या चिमण्या आणि जाळं सांगतात. ती मुलं कुठल्या गावची हे चित्रात कुठेच नव्हतं, म्हणून ती सगळ्यांच्या गावची झाली.

स्टॉप मोशनबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण आजी-नातीच्या गोष्टीसाठी मी त्याचा नक्की विचार करीन. वस्तू खरी ठेवायची, किंचित हलवायची, फोटो काढायचा, पुन्हा हलवायची. दादासाहेब फाळक्यांनी १९१५ च्या सुमारास काड्यापेटीतल्या काड्या अशाच हलवून ‘आगकाड्यांची मौज’ केली होती, म्हणजे आपल्याकडचं हे तंत्र शंभरी ओलांडलेलं आहे. यात प्रत्येक फोटो स्थिर वस्तूचा असल्याने वेगातली धूसरता नसते, म्हणून हालचाल थोडी टोकदार, थोडी थरथरती वाटते. १९३३ च्या ‘किंग काँग’मध्ये त्या महाकाय माकडाचे केस सारखे हलताना दिसतात. ते अ‍ॅनिमेटरच्या बोटांमुळे विस्कटत होते. बघताना मात्र वाटतं की रागाने केस फुललेत. मातीच्या पुतळ्यांवर बोटांचे ठसे राहतात आणि फ्रेमगणिक बदलतात. या सगळ्यातून बघणाऱ्याला एक गोष्ट न सांगता कळते, ही वस्तू खरोखर कुठेतरी होती आणि कुणाच्या तरी हातांनी तिला हात लावलाय. स्पर्शाची गोष्ट असेल तर दुसऱ्या कुठल्याही तंत्रात हे इतक्या सहज मिळत नाही. तुमच्या गोष्टीत आजी गोधडी शिवते, असं तुम्ही लिहिलंय. खरी जुनी साडी, खरा धावदोरा, आणि टाका एकेक फ्रेम पुढे सरकतोय. विचार करा.

रंगवलेल्या फ्रेमचं अ‍ॅनिमेशन हा वेगळाच प्रदेश आहे. गीतांजली राव यांची ‘प्रिंटेड रेनबो’ (२००६) तुम्ही बघायलाच हवी. एक एकटी म्हातारी बाई, तिची मांजर आणि काड्यापेट्यांवरची चित्रं. तिचं रोजचं घर करडं आहे आणि काड्यापेटीतलं जग रंगीत. एका माणसाने एकेक फ्रेम हाताने रंगवली की कुंचल्याचा फराटा फ्रेमगणिक थोडा हलतो, पडदा श्वास घेतल्यासारखा वाटतो. आठवण, स्वप्न, एकटेपणा यांना तो श्वास फार मानवतो. जिथे बघणाऱ्याला प्रसंग नीट कळायला हवा, उदाहरणार्थ कोण कुठून आलं आणि कुणी काय उचललं, तिथे मात्र तीच थरथर आड येते.

लहान मुलांसाठी काम करणार असाल तर दोन गोष्टी माहीत हव्यात. २०११ साली अँजेलिन लिलार्ड आणि जेनिफर पीटरसन यांनी चार वर्षांच्या ६० मुलांवर प्रयोग केला. नऊ मिनिटं वेगवान, अद्भुत घटनांनी भरलेलं कार्टून बघितलेली मुलं लगेच घेतलेल्या एकाग्रतेच्या आणि संयमाच्या चाचण्यांत संथ कार्टून बघितलेल्या आणि चित्रं काढत बसलेल्या मुलांपेक्षा मागे पडली. नंतरच्या कामात लिलार्ड यांना वेगापेक्षा अशक्य घटनांचा भडिमार जास्त कारणीभूत दिसला. हा परिणाम त्या वेळेपुरता मोजलेला आहे, त्यातून ‘कार्टून वाईट’ असा निष्कर्ष काढू नका. पण दर दोन सेकंदांनी नवीन चमत्कार घालायच्या आधी मी आता थांबतो. दुसरी गोष्ट सुरक्षिततेची. १६ डिसेंबर १९९७ ला जपानमध्ये पोकेमॉनच्या एका भागात लाल-निळा उजेड सेकंदाला साधारण १२ वेळा लखलखला आणि ६८५ जणांना, बहुतेक मुलांनाच, रुग्णालयात न्यावं लागलं. स्फोट, वीज, जादू दाखवताना सेकंदाला तीनपेक्षा जास्त लखलखाट ठेवू नका, आणि मोठ्या भागावर गडद लाल तर मुळीच नको. हा नियम शैलीवर अवलंबून नाही.

आता तुमची फिल्म. थ्रीडी शिकाच, नोकरीसाठी ते लागतं आणि शिकायला आनंदही होतो. पण या दोन मिनिटांसाठी वर्गाकडे बघून ठरवू नका. गोष्टीतला एकच क्षण घ्या, आजी सुईत दोरा ओवते आणि नात बघते, फक्त पाच सेकंद. तो तीन प्रकारे करा: पेन्सिलने टूजवर, कागदी कटआउटमध्ये थ्रीजवर, आणि खऱ्या सुई-दोऱ्याने स्टॉप मोशनमध्ये. मोबाइलचा कॅमेरा आणि एक टेबललॅम्प पुरे, फक्त फोनचा फोकस आणि उजेड लॉक करा, नाहीतर प्रत्येक फ्रेमला चमक बदलेल. आठवड्याभरात होईल. मग ते तिन्ही तुकडे कॉलेजबाहेरच्या पाच-सहा माणसांना दाखवा, त्यात एखादी खरी आजी असू दे. ‘कसं वाटलं’ असं विचारू नका, लोक चांगलंच म्हणतात. त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहा.

आणि दोरा नेढ्याशी येऊन थांबतो ना, तिथे आधी १२ फ्रेम धरून बघा. मग १८. मग २४. बघणारी आजी कुठल्या वेळी स्वतःचे ओठ मिटून किंचित पुढे झुकते ते पाहा, आणि तो आकडा एक्सपोजर शीटवर, म्हणजे कुठलं चित्र किती फ्रेम धरायचं त्या तक्त्यावर, लिहून ठेवा.